वाचकांचे प्रश्न : भुकेल्याला अन्न देताना बाजू घ्यावी का?

युद्धग्रस्त प्रदेशांतील मदतकार्याविषयी आलेल्या पत्रांतून सहा प्रश्न या अंकासाठी निवडले आहेत. काही पत्रे बरीच लांब होती. त्यांतील मुख्य भाग तेवढा येथे घेतला आहे.

प्रश्न : आमच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनला गेले ते आक्रमणाविरुद्ध लढणाऱ्यांच्या बाजूने गेले, आणि त्याचा आम्हांला आजही अभिमान वाटतो. मग आजच्या मदतसंस्थांनी तटस्थ राहावे असा आग्रह का धरला जातो? अन्याय डोळ्यांसमोर दिसत असताना तटस्थ राहणे हा भेकडपणा नव्हे का? (एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर)

उत्तर : कोटणीसांचे उदाहरण बाजूला ठेवून या विषयावर प्रामाणिकपणे बोलताच येणार नाही, म्हणून आपल्या पत्राला पहिले स्थान दिले आहे. सप्टेंबर १९३८मध्ये मुंबईहून निघालेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे कोटणीस होते, तसे नागपूरचे डॉ. चोळकरही होते. चिनी सेनानी जू दे यांनी पंडित नेहरूंना केलेल्या विनंतीवरून काँग्रेसने हे पथक पाठवले होते आणि जपानी आक्रमणाला तोंड देणाऱ्या चीनला पाठिंबा देणे हा त्याचा जाहीर हेतू होता. कोटणीस पुढे कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेबरोबर राहिले, चीनमध्येच सेवा करताना वारलेले कॅनडाचे डॉ. बेथ्यून यांच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे १९४१मध्ये संचालक झाले, १९४२मध्ये चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले आणि त्याच वर्षी ९ डिसेंबरला, वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी, तेथेच वारले. त्या पथकाने तटस्थतेचा दावा केला नव्हता. आपण कोणाच्या बाजूचे आहोत हे त्यांनी निघतानाच सांगितले होते, आणि म्हणूनच त्यांच्या कामात कोणाचीही फसवणूक नव्हती.

मात्र अशा मदतीला एक मर्यादा असते आणि ती कोटणीसांच्या त्यागामुळे नाहीशी होत नाही. ज्या सेनेबरोबर ते होते तिचा अंमल जेथवर होता तेथवरच त्यांना जाता येत होते. जपानी ताब्यातील गावात तापाने फणफणणाऱ्या चिनी मुलापर्यंत त्यांची औषधे पोहोचणे शक्य नव्हते, कारण त्या वाटेवरच्या पहारेकऱ्याच्या दृष्टीने ते शत्रूपक्षाचे डॉक्टर होते. त्या मुलापर्यंत पोहोचायचे असेल, तर दोन्ही बाजूंच्या पहारेकऱ्यांनी वाट द्यावी असा कोणीतरी असावा लागतो. इटलीतील सोल्फेरिनोच्या १८५९च्या लढाईनंतर आंरी द्युनां या स्विस व्यापाऱ्याने कास्तिल्योने गावातल्या बायका दोन्ही सैन्यांच्या जखमींना सारखेच पाणी पाजताना पाहिल्या, आणि त्या अनुभवातून १८६३मध्ये जिनिव्हात रेडक्रॉस उभी राहिली, ती नेमकी याच गरजेपोटी. तटस्थता ही तिच्यासाठी मनाची अवस्था नव्हती. नाक्यापलीकडे जाता यावे म्हणून स्वतःवर घालून घेतलेले ते बंधन होते.

आपण वापरलेल्या ‘भेकडपणा’ या शब्दालाही आधार आहे. १४ ऑक्टोबर १९४२ रोजी जिनिव्हातील आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीसमोर एका जाहीर निवेदनाचा मसुदा होता. माणसांना पकडून पूर्वेकडे नेले जात आहे, याविषयी त्यात बोलले जाणार होते. ज्यूंच्या संहाराच्या बातम्या तोवर त्यांच्या कानांवर आल्या होत्या. चर्चेअंती निवेदन प्रसिद्ध न करण्याचे ठरले. युद्धकैद्यांच्या छावण्यांपर्यंत मिळणारा प्रवेश जाईल ही भीती त्यामागे होती आणि आपले स्वतंत्र अस्तित्व जपू पाहणाऱ्या स्वित्झर्लंडचा दबावही होता. पुढे त्या संस्थेने स्वतःच हे आपले मोठे अपयश असल्याचे मान्य केले. तेव्हा माझे म्हणणे असे आहे की, तटस्थता लढाईविषयी असावी, सत्याविषयी असू नये. कोणी जिंकावे याबद्दल मदतसंस्थेने बोलू नये. कोण मारले जात आहे याबद्दल बोलायचे की नाही, हा वेगळा निर्णय असतो, आणि तो ‘आम्ही तटस्थ आहोत’ एवढे म्हटल्याने सुटत नाही.

प्रश्न : तटस्थता आणि निःपक्षपातीपणा हे दोन्ही शब्द बातम्यांत सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. त्यांत खरोखर फरक आहे का? (कायद्याचा एक विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. निःपक्षपातीपणा म्हणजे मदत गरजेप्रमाणे देणे. जात, धर्म, वंश, पक्ष न पाहता आधी ज्याची स्थिती सर्वांत वाईट त्याला देणे. तटस्थता म्हणजे लढणाऱ्यांपैकी कोणाचीही बाजू न घेणे. रेडक्रॉस चळवळीने १९६५मध्ये व्हिएन्नात आपली सात मूलतत्त्वे जाहीर केली, त्यांत या दोहोंना वेगवेगळी जागा आहे. सैन्यातील डॉक्टर तटस्थ नसतो, कारण तो एका सैन्याचा गणवेश घालतो. तरीही जिनिव्हा करारांनुसार त्याने शत्रूच्या जखमी शिपायावर आपल्या शिपायाइतक्याच तत्परतेने उपचार करायचे असतात. म्हणजेच तटस्थता नसतानाही निःपक्षपातीपणा शक्य असतो, आणि माझ्या मते तो सर्वांवर बंधनकारक असावा.

न्यायालयाच्या दृष्टीनेही ही कसोटी निर्णायक ठरली आहे. निकाराग्वाने अमेरिकेविरुद्ध चालवलेल्या खटल्याचा निकाल आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २७ जून १९८६ रोजी दिला, तेव्हा न्यायालयाचे अध्यक्ष आपले डॉ. नगेंद्र सिंग होते. निकाराग्वाच्या सरकारविरुद्ध लढणाऱ्या कॉन्ट्रा बंडखोरांना अमेरिकेने दिलेला पैसा ‘मानवतावादी मदत’ म्हणून समर्थनीय ठरतो का, याचा विचार करताना न्यायालयाने म्हटले की, अशी मदत दुसऱ्या देशातील हस्तक्षेप ठरू नये असे वाटत असेल, तर ती भेदभाव न करता सर्व गरजूंना मिळाली पाहिजे, केवळ बंडखोरांना आणि त्यांच्यावर अवलंबून असणाऱ्यांना नव्हे. पाकिटावर काय लिहिले आहे यापेक्षा ते कोणाच्या हातात पडते, याला न्यायालयाने महत्त्व दिले.

प्रश्न : भुकेल्या मुलांना दूध देण्याला उघड विरोध कोण करील? मग मदतीचे राजकारण होते म्हणजे प्रत्यक्षात काय होते? एखादे उदाहरण सविस्तर द्यावे. (एक वाचक, पुणे)

उत्तर : उघड विरोध क्वचितच होतो, हे आपले निरीक्षण बरोबर आहे. विरोध असतो तो मार्गाला, वेळेला, तपासणीला आणि परवानगीच्या कागदाला. याचे सर्वांत शिकवणारे उदाहरण मला बियाफ्राचे वाटते.

नायजेरियाचा पूर्व भाग ३० मे १९६७ रोजी कर्नल ओजुक्वू यांच्या नेतृत्वाखाली ‘बियाफ्रा’ या नावाने फुटून निघाला आणि ६ जुलैला युद्ध सुरू झाले. नायजेरियाच्या फेडरल सरकारला ब्रिटन आणि सोव्हिएत रशिया शस्त्रे देत होते. बियाफ्राला फ्रान्सची छुपी मदत होती. मे १९६८मध्ये पोर्ट हारकोर्ट पडल्यावर बियाफ्राचा समुद्राशी संबंध तुटला. उरलेल्या चिंचोळ्या प्रदेशात निर्वासितांची दाटी झाली. कसावा आणि सुरणासारखे कंद थोडेफार होते, पण उत्तरेकडून येणारी गुरे आणि युरोपातून येणारी सुकी मासळी बंद झाल्यामुळे आहारातली प्रथिने संपली, आणि फुगलेल्या पोटांच्या, तांबूस पडलेल्या केसांच्या मुलांची छायाचित्रे जगभर गेली. ही नाकेबंदीने आणलेली भूक होती. उपासमार हे युद्धाचे एक शस्त्र आहे, असे फेडरल बाजूच्या काही जबाबदार माणसांनी बोलूनही दाखवले.

मदत पोहोचवण्याचे मार्ग तीन होते. पहिला जमिनीवरचा. फेडरल सरकार म्हणाले की, आमच्या ताब्यातील रस्त्याने धान्य न्या. ओजुक्वूंनी नकार दिला. ते धान्य विषारी असेल अशी शंका बियाफ्रात पसरली होती, आणि धान्यासाठी मोकळा केलेला रस्ता उद्या रणगाड्यांसाठीही मोकळा होईल ही भीती तर होतीच. दुसरा मार्ग दिवसा विमानाने जाण्याचा. त्यासाठी विमानांची तपासणी फेडरल अधिकाऱ्यांनी करावी अशी अट होती, आणि सप्टेंबर १९६९मध्ये रेडक्रॉसने लागोसशी, म्हणजे फेडरल सरकारशी, तसा करारही केला; तो बियाफ्राने फेटाळला. तिसरा मार्ग रात्रीचा. उली येथे एका रस्त्याचा तुकडा धावपट्टी म्हणून वापरला जाई. साओ तोमे बेटावरून चर्चसंस्थांची आणि फर्नांदो पो बेटावरून रेडक्रॉसची विमाने दिवे मालवून तेथे उतरत. ५ जून १९६९ रोजी नायजेरियाच्या हवाईदलाने रेडक्रॉसचे एक विमान पाडले, त्यातील कर्मचारी मारले गेले, आणि रेडक्रॉसची उड्डाणे थांबली. चर्चसंस्थांची चालू राहिली.

आता ओजुक्वूंना रात्रच का हवी होती, हे पाहावे. त्याच अंधारात त्याच धावपट्टीवर शस्त्रांची विमानेही उतरत होती. मदतीची विमाने जितकी जास्त, तितके शस्त्रांचे विमान ओळखून पाडणे फेडरल वैमानिकांना अवघड. शिवाय मदतसंस्थांना स्थानिक खर्चासाठी परकीय चलन मोडावे लागे आणि ते चलन बियाफ्राच्या सरकारला बाहेरच्या खरेदीसाठी उपयोगी पडे. जिनिव्हातील एका प्रसिद्धी कंपनीमार्फत उपाशी मुलांच्या बातम्या युरोपातील वृत्तपत्रांना पद्धतशीरपणे पुरवल्या जात होत्या. एकाने भुकेची नाकेबंदी केली आणि दुसऱ्याने त्या भुकेची ढाल केली. मदतीमुळे ते युद्ध लांबले असे मानणारे अभ्यासक आहेत. त्या विमानांमुळे असंख्य मुले वाचली, हेही कोणी नाकारत नाही. मला विचाराल तर ती विमाने जायलाच हवी होती. परंतु दोषाचे वाटप करताना नाकेबंदी करणाऱ्याचा दोष पहिला आणि मोठा आहे, हे मी विसरणार नाही.

या कथेचा शेवट फारसा सांगितला जात नाही, म्हणून येथे मुद्दाम सांगतो. १५ जानेवारी १९७० रोजी बियाफ्राने शरणागती पत्करली. नायजेरियाचे प्रमुख जनरल गोवोन यांनी ‘ना कोणी विजेता, ना कोणी पराजित’ अशी घोषणा केली आणि बऱ्याच अंशी ती पाळलीही. मात्र बियाफ्राला साथ दिली असे ज्यांच्याविषयी त्यांचे मत होते, त्या फ्रान्स, पोर्तुगाल यांसारख्या देशांची आणि उलीला उड्डाणे करणाऱ्या चर्चसंस्थांची मदत घेण्यास त्यांनी नकार दिला. ज्यांच्याकडे विमाने, कोठारे आणि अनुभव होता, तेच नेमक्या अडीअडचणीच्या आठवड्यांत दाराबाहेर उभे राहिले. बाजू घेतल्याची किंमत अशी उशिरा वसूल होते, आणि ती बाजू घेणाऱ्याकडून नव्हे, तर उपाशी माणसाकडून वसूल होते.

या युद्धातून दोन गोष्टी निघाल्या. तेथे काम केलेल्या काही फ्रेंच डॉक्टरांना रेडक्रॉसचे मौन असह्य झाले आणि १९७१मध्ये ‘मेदसाँ साँ फ्राँतिएर’, म्हणजे सीमांच्या पलीकडे काम करणारे डॉक्टर, ही संघटना स्थापन झाली. दुसरी गोष्ट कायद्यातली. १९४९च्या चौथ्या जिनिव्हा करारातील २३वे कलम लहान मुलांसाठी आणि गरोदर स्त्रियांसाठी जाणाऱ्या अन्नाला वाट द्यायला सांगते, पण माल शत्रूच्या कामी येईल अशी गंभीर शंका असल्यास वाट नाकारण्याची मुभाही देते, आणि अशी शंका घेणे कोणालाही सोपे असते. नागरिकांची उपासमार हे युद्धाचे साधन म्हणून वापरण्यास स्पष्ट बंदी आली ती १९७७च्या पूरक करारांत. भारताने या पूरक करारांना अद्याप मान्यता दिलेली नाही, ही गोष्ट मला खटकते.

प्रश्न : १९८७मध्ये भारताने जाफनावर विमानांतून धान्य टाकले. ती मदत होती की राजकारण? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : दोन्ही, आणि राजकारणाचा भाग मोठा. त्या वर्षी श्रीलंका सरकारने जाफना द्वीपकल्पाची आर्थिक कोंडी केली होती आणि मे महिन्याच्या अखेरीस वडमराच्ची भागात लष्करी मोहीम उघडली होती. तेथील तमिळ नागरिकांचे हाल खरे होते. ३ जूनला भारतीय रेडक्रॉसच्या मदतीच्या नौका रामेश्वरहून निघाल्या. श्रीलंकेच्या नौदलाने त्यांना परत पाठवले. दुसऱ्या दिवशी, ४ जूनला, हवाईदलाच्या पाच एएन-३२ विमानांनी मिराज लढाऊ विमानांच्या संरक्षणात सुमारे २५ टन सामग्री जाफनावर टाकली. श्रीलंकेने हा आपल्या सार्वभौमत्वाचा भंग असल्याचे म्हटले.

येथे साधा हिशेब करून पाहावा. माणशी दिवसाला अर्धा किलो शिधा धरला तर २५ टन म्हणजे ५० हजार माणसांचे एका दिवसाचे अन्न, आणि द्वीपकल्पाची लोकसंख्या काही लाखांची होती. म्हणजे पोटाच्या दृष्टीने तो आकडा अपुरा होता. कोलंबोला द्यायच्या इशाऱ्याच्या दृष्टीने मात्र पुरेसा होता. ज्याला मदत करायची त्याच्यापर्यंत लढाऊ विमानांच्या पहाऱ्यात जावे लागते, तेव्हा तिला तटस्थ म्हणता येत नाही, मग ती आपल्या देशाने केलेली का असेना. याच महिन्यात पुढे श्रीलंकेच्या संमतीने जहाजांतून मदत पाठवण्याचे ठरले आणि ती पोहोचली; खरे अन्न त्या मार्गाने गेले. २९ जुलैला करार झाला, भारतीय शांतिसेना उतरली, आणि ऑक्टोबरमध्ये तीच सेना त्याच जाफनात लिट्टेशी लढत होती. ज्या सैन्याकडून जून महिन्यात धान्य आले त्याच्याविषयी तेथील सामान्य माणसाला त्यानंतर काय वाटले असेल, याचा विचार आपण इकडे फार कमी केला आहे.

याच्या शेजारी भारताचेच दुसरे उदाहरण ठेवावेसे वाटते. कोरियाच्या युद्धात १९५०मध्ये भारताने लढाऊ सैन्य न पाठवता लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या नेतृत्वाखाली ६० पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स हे वैद्यकीय पथक पाठवले. ते संयुक्त राष्ट्रांच्या सैन्याबरोबर होते, म्हणून काटेकोर अर्थाने तटस्थ नव्हते; परंतु त्यांनी सैनिकांबरोबर नागरिकांवरही उपचार केले. युद्धकैद्यांचा प्रश्न अडला तेव्हा तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्षपद १९५३मध्ये भारताच्या जनरल थिमय्या यांच्याकडे आले, त्यामागे ही आधीची वागणूकही होती असे मी मानतो.

प्रश्न : मदत मारेकऱ्यांच्याच हाती पडत असेल, तर ती बंद करणे योग्य नाही का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : हा प्रश्न १९९४मध्ये रवांडाच्या सीमेलगत झाईरमधील (आजच्या काँगोतील) गोमा येथे अत्यंत क्रूर रूपात उभा राहिला. रवांडात एप्रिल ते जुलैदरम्यान सुमारे आठ लाख लोकांची, मुख्यतः तुत्सी या अल्पसंख्य समाजाची, हुतू समाजातील कडव्या गटांकडून कत्तल झाली. मारेकऱ्यांचे राज्य कोसळताच लाखो हुतू सीमा ओलांडून झाईरमध्ये गेले आणि त्यांच्याबरोबर पराभूत सैन्य आणि कत्तलीत पुढे असलेल्या इंटरहाम्वे या सशस्त्र टोळ्याही गेल्या. पहिल्याच महिन्यात कॉलरा आणि हगवणीने सुमारे ५० हजार माणसे छावण्यांत दगावली. त्या महिन्यात मदत थांबवावी असे म्हणण्याचे धैर्य कोणाला होणार?

गोंधळ झाला तो वाटपाच्या पद्धतीत. घाईत शिधा गावोगावच्या जुन्या प्रमुखांमार्फत वाटला गेला, आणि त्यांतील अनेकांनी कत्तल घडवून आणली होती. त्यांनी माणसांच्या याद्या फुगवल्या, उरलेला शिधा विकला, आणि परत जाऊ पाहणाऱ्यांना धाक दाखवला. नोव्हेंबर १९९४मध्ये मेदसाँ साँ फ्राँतिएरच्या फ्रेंच शाखेने जाहीर निषेध करून काम सोडले. त्याच संघटनेच्या इतर शाखा आणखी काही काळ तेथेच काम करीत राहिल्या. एकाच संघटनेतील विचारी माणसे दोन दिशांना गेली, आणि मला त्यांतील कोणालाही चूक ठरवता येत नाही. मात्र छावणीतून सशस्त्र माणसांना वेगळे काढणे हे डॉक्टरांचे काम नव्हते. ते सरकारांचे काम होते, आणि सरकारांनी ते न करता धान्याचा खर्च उचलून आपली जबाबदारी संपली असे मानले. राजकीय निर्णय टाळण्यासाठी मदत पुढे करणे हेही मदतीचे राजकारणच आहे. शिधा प्रमुखांऐवजी थेट कुटुंबाला, शक्य तेथे घरातील स्त्रीच्या हाती द्यावा, याचे महत्त्व या अनुभवानंतर अधिक पटले.

प्रश्न : माझा मुलगा डॉक्टर आहे आणि युद्धग्रस्त देशात काम करणाऱ्या एका संस्थेत जाऊ इच्छितो. संस्था तटस्थ असेल तर तो सुरक्षित राहील का? (एक आई, ठाणे)

उत्तर : आपली काळजी रास्त आहे आणि तिला खोटा दिलासा देणे योग्य होणार नाही. तटस्थतेमुळे धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. अफगाणिस्तानातील कुंदुझ येथे मेदसाँ साँ फ्राँतिएरचे रुग्णालय दोन्ही बाजूंच्या जखमींवर उपचार करीत होते आणि त्याचे ठिकाण लढणाऱ्या पक्षांना नकाशावरील अंकांसह कळवलेले होते. तरीही ३ ऑक्टोबर २०१५च्या पहाटे अमेरिकेच्या विमानाने त्यावर हल्ला केला आणि ४२ माणसे मारली गेली. अमेरिकेने ती चूक असल्याचे सांगून माफी मागितली.

काही वेळा धोका डॉक्टरच्या वागण्यातून नव्हे, तर त्याच्या पेशाचा दुसऱ्याने वापर केल्यामुळे निर्माण होतो. ओसामा बिन लादेनचा ठावठिकाणा लावण्यासाठी अमेरिकेच्या गुप्तहेर संस्थेने २०११मध्ये पाकिस्तानातील ॲबटाबाद येथे काविळीच्या लसीकरणाचा बनाव रचला. लसीकरणाविषयी आधीच असलेल्या संशयाला त्यामुळे पुरावाच मिळाला. डिसेंबर २०१२मध्ये कराची आणि पेशावर भागात पोलिओचे डोस पाजणाऱ्या कार्यकर्त्यांना, त्यांतील अनेक स्त्रियांना, गोळ्या घालण्यात आल्या. पाकिस्तानातील पोलिओ रुग्णांची संख्या २०१२मध्ये ५८ होती, ती २०१४मध्ये ३०६ झाली. या वाढीला वझिरिस्तानातील लसीकरणबंदीसह इतरही कारणे होती. परंतु त्या एका बनावाने घरोघर जाणाऱ्या बायकांच्या जिवाची किंमत मोजायला लावली, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मे २०१४मध्ये अमेरिकेने यापुढे लसीकरणाचा असा वापर करणार नसल्याचे जाहीर केले.

आपल्या मुलाने रुजू होण्यापूर्वी संस्थेला काही गोष्टी सरळ विचाराव्यात. तिचा पैसा कोणत्या सरकारांकडून येतो, आणि त्यांतील एखादे त्याच युद्धात लढत आहे का? तिच्या गाड्या सैन्याच्या पहाऱ्यात जातात का? रुग्णांची माहिती कोणाला दिली जाते? स्थानिक कर्मचाऱ्यांना परदेशी कर्मचाऱ्यांइतकेच संरक्षण मिळते का? कुंदुझच्या रुग्णालयात शस्त्र घेऊन आत येण्यास बंदी होती आणि सरकारी शिपायाच्या शेजारच्या खाटेवर तालिबानचा जखमी असे. संस्थेच्या रुग्णालयात दुसऱ्या बाजूचा जखमी शेवटचा कधी दाखल झाला होता, हे त्याने मुलाखतीतच विचारावे.